पंधरा इंचांचं अंतर

मालिनीकडे शिवायला टाकलेल्या ब्लाऊजचं माप त्या बाईखेरीज दुसऱ्या कुणाला कळलं, असं आजवर झालेलं नाही. नाशिकच्या इंदिरानगरातल्या तिच्या पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, एक कापायचं टेबल आणि दिवसभर बायकांचा राबता. तिथे सुना सासवांबद्दल बोलतात, सासवा सुनांबद्दल, आणि मालिनी तोंडात टाचण्या धरून ऐकत असते. मी तिची थोरली नणंद. शाळेत शिकवून निवृत्त झाले, दोन गल्ल्या सोडून राहते आणि मला चौकशा करायची खोड आहे, हे मी नाकारत नाही. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंचं पोट वर्षभरात किती सुटलं, एवढंच एकदा विचारलं होतं. म्हणाली, "ताई, मी टेप वाचते आणि विसरते." विसरते कसली! सगळं डोक्यात असतं, फक्त बाहेर येत नाही.

अशा माणसाचं कौतुक करावं की त्याला धरून गदागदा हलवावं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र हलवायचीच वेळ आली.

मालिनीच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीपेक्षा लहान एक यंत्र आहे. पेसमेकर. तीन वर्षांपूर्वी ती अस्तर कापता कापता टेबलापाशी कोसळली. उपेंद्रने, म्हणजे माझ्या भावाने, मला फोन केला आणि आम्ही दोघांनी तिला मुंबई नाक्याच्या पलीकडच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय चांगलं आहे, पण त्याला ठोका मारायचा निरोप देणारी आतली वाट बंद पडली आहे. यापुढे निरोप हे यंत्र देईल. वर बजावलं की मोबाइल डाव्या बाजूला ठेवायचा नाही, लोहचुंबकाजवळ जायचं नाही आणि अंगाला करंट देणारं कुठलंही मशीन लावून घ्यायचं नाही. बाहेरचा करंट हाच हृदयाचा ठोका असं समजून पेसमेकर गप्प बसू शकतो. तो गप्प बसला तर मालिनीकडे दुसरं काही नाही.

घरी आल्यावर तिने आधी आपले जुने ब्लाऊज बाजूला टाकले आणि बंद गळ्याचे नवे शिवले. चार बायकांना ती फॅशन वाटली, त्यांनीही तसेच शिवून घेतले. मृण्मयी, तिची एकुलती एक मुलगी, तेव्हा बंगळुरूला नोकरीत नवीन होती. तिला सांगितलं, खांद्याला गाठ होती, काढली. खरं काय ते फक्त उपेंद्रला आणि मला ठाऊक होतं आणि आम्हा दोघांना तिने मृण्मयीची शपथ घातली होती.

याला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे, मी म्हटलंही. पण तिची बाजू ऐका. तिचे वडील इगतपुरीला रेल्वेत होते. आई पन्नाशीच्या आत, पाणी भरता भरता हंड्यासकट पडली ती उठलीच नाही. पुढे मालिनीचं नाशिकरोडच्या एका घरी ठरलं. लग्नाच्या याद्या तेवढ्या व्हायच्या होत्या, आणि कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की मुलीची आई हृदयाने गेली, मुलीलाही असणार. लग्न मोडलं. मग तिच्या वडिलांनी पुढच्या घरी, म्हणजे आमच्याकडे, बायको टायफॉइडने गेली असं सांगितलं. आम्हाला खरं कळायला दहा वर्षं लागली. तोवर मालिनी घरात अशी मुरली होती की आमची आई दोन दिवस फुरंगटून बसली आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच हातचा चहा प्यायली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही मालिनीसाठी नुसती म्हण नव्हती. तिचा सगळा संसार त्या मुठीत उभा राहिला होता.

दिवाळीनंतर मृण्मयीचं जमलं. ओळखीतून स्थळ आलं होतं. मुलगा गौरांग, आर्किटेक्ट, वडिलांबरोबर काम करणारा, गंगापूर रोडला बंगला. मृण्मयी आता घरूनच काम करते, तेव्हा लग्नानंतर ती नाशकातच, त्या बंगल्यात राहणार होती. दोघं चारदा भेटली आणि चारही वेळा हसत परत आली. साखरपुडा झाला, माघातला मुहूर्त धरला. पोरगी इतकी आनंदात होती की तिच्याकडे बघून मलाही बरं वाटायचं, आणि मला सहजासहजी बरं वाटत नाही.

गौरांगच्या आई म्हणजे संजनाताई. बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. तोंड फटकळ, हात सढळ. येतात त्या वावटळीसारख्या, बसतात पाच मिनिटं आणि घरातल्या चार वस्तूंच्या जागा बदलून जातात. एका दुपारी अशाच आल्या आणि म्हणाल्या की लग्नाच्या फोटोत दोन्ही आया नीट दिसायला हव्यात. कॉलेज रोडला एक सेंटर आहे, तिथे पोटाला पट्टा बांधून करंट देतात. आपण नुसतं पडून राहायचं, स्नायू आपोआप आवळतात, पन्नाशीतलं सुटलेलं पोट आत जातं. दोघींचं पॅकेज त्यांनी घेऊनही टाकलं होतं. विहिणीकडून विहिणीला भेट.

आपल्याकडे मुलीकडच्यांनी द्यायचं आणि मुलाकडच्यांनी नावं ठेवायची, अशी रीत. इथे उलटी गंगा वाहत होती, आणि ती परत पाठवणं म्हणजे त्यांनी दिलेला मान परत पाठवणं. मालिनीचा हात आपसूक गळ्याशी गेला. ती म्हणाली, कशाला एवढं? आमच्या घरात याचा अर्थ नको असा होतो. संजनाताईंच्या घरात तो हो असा होत असावा, कारण त्यांनी लगेच वार ठरवला.

त्या गेल्यावर मी मालिनीला फैलावर घेतलं. जायचं नाही, पाठ धरली म्हणून सांग, गुडघा म्हणून सांग, नाहीतर सरळ खरं सांगून टाक. ती मशीनवर बसून सुईत दोरा ओवत होती आणि दोरा काही जात नव्हता.

"लग्न होऊ दे, मग मी स्वतः सांगेन," ती म्हणाली.

"मग ते म्हणतील, फसवलं."

"म्हणू देत. तोवर मृण्मयी त्यांच्या घरची झालेली असेल. तुम्ही नाही का मला ठेवून घेतलंत?"

मी तिच्या हातातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.

पहिल्या दिवशी मीही बरोबर गेले, नणंद म्हणून नाही, पहारेकरी म्हणून. सेंटर स्वच्छ होतं. एका खोलीत दोन पलंग, मध्ये सरकवता येणारा पडदा, आणि संजनाताईंनी तो आल्याआल्या सरकवून टाकला. आपल्या आपल्यात कसला पडदा, म्हणाल्या. मशीन चालवणारी मुलगी तेजस्विनी, शांत आणि कामाशी काम ठेवणारी. तिने दोघींना विचारलं, हृदयाचा काही त्रास, पेसमेकर, फिट, पोटाचं ऑपरेशन, दिवस गेलेले? शेवटच्या प्रश्नाला संजनाताई पोट धरून हसल्या. मालिनीही हसली आणि म्हणाली, काहीच नाही. होणारी वरमाय दोन हातांवर बसलेली असताना दुसरं काय उत्तर येणार? एकटीला बाजूला घेऊन विचारलं असतं, तरी तिने सांगितलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. मग हळूच म्हणाली की आज संकष्टी आहे, पोटात काही नाही. तेजस्विनी म्हणाली, उपाशीपोटी नको. मी गणपतीला मनात हात जोडले. संकष्टीला तो असा लगेच पावल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही.

दुसऱ्या खेपेला मालिनीची पाठ धरली. तोंड वाकडं करण्यात ती इतकी कच्ची आहे की मला दया आली. संजनाताईंची भुवई वर गेली. वेळ फुकट जायला नको म्हणून मी पुढे झाले आणि तिच्या जागी आडवी झाले. माझं पोट हे त्या मशीनला आव्हानच होतं. तेजस्विनीने ओले गार पॅड लावले, वरून पट्टा आवळला, आणि मग आतून कुणीतरी मूठ वळतंय आणि सोडतंय असं सुरू झालं. दुखत नाही, पण आपलं पोट आपल्याला न विचारता काम करतंय, हे काही मला रुचलं नाही. मी तेजस्विनीला विचारलं की याने चरबी जाते का गं खरंच? ती प्रामाणिक निघाली. म्हणाली, मावशी, स्नायू जरा घट्ट होतात, पोट थोडं आत दिसतं. चरबी मात्र खाण्याने आणि चालण्यानेच जाते. संजनाताईंना हे ऐकायचं नव्हतं. घरी जाताना गाडीत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्याचा परिणाम दोन दिवसांत दिसला. मृण्मयी संध्याकाळी माझ्याकडे आली, डोळे लाल. गौरांगच्या आई घरी म्हणाल्या होत्या की मुलीच्या आईला आमचं काही घ्यायचं नाही, स्वतःला फार समजतात. गौरांगने सहज म्हणून सांगितलं होतं, पण ती रात्रभर जागी होती. आत्या, आईला एवढं साधं मन राखता येत नाही का? हे ती घरी आईलाही विचारून आली होती. मला तिथल्या तिथे सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण शपथ आठवली, आणि शपथ तरी कुणाची, समोर बसलेल्या त्याच पोरीची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी तिला लाडू दिला.

तिसऱ्या दिवसाआधी दुपारी मी मालिनीकडे गेले तर ती आरशासमोर उभी होती, हातात टेप. एक टोक खांद्याखालच्या त्या उंचवट्यावर, दुसरं पोटावर, पट्ट्याची वरची कड येते तिथे.

"वन्सं, पंधरा इंच आहे," ती म्हणाली. एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हटलं की समजायचं, गळ्याशी आलंय. "पंधरा इंच म्हणजे पुष्कळ अंतर झालं. करंट पोटाला देतात, छातीला नाही."

मी तिच्यावर ओरडले. करंट म्हणजे कापड नव्हे की मापलं तेवढंच लागेल, म्हटलं. आयुष्यभर टेपवर विश्वास ठेवलेली बाई, तिने टेपलाच विचारलं होतं. ती खाली बसली आणि म्हणाली की आज टाळलं तर संजनाताई विचारणार. विचारलं तर तिला खोटं बोलावं लागणार. त्यापेक्षा एकदा पडून घेते, कमी ठेवायला सांगते, एकदा केलं की त्यांचा राग जाईल. मी उपेंद्रला फोन लावायला निघाले, तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. संजनाताई ठरल्यापेक्षा लवकर आल्या होत्या आणि सरळ वर आल्या.

दारातच म्हणाल्या, "मालिनीताई, एक विचारते. तुम्हाला काही आजार आहे का? असेल तर आत्ताच सांगा."

मी मालिनीकडे बघितलं. एवढं स्वच्छ विचारणारं माणूस आयुष्यात क्वचित भेटतं. सांग, मी मनात म्हणत होते, आता तरी सांग.

"छे, आजार कसला," मालिनी म्हणाली आणि पर्स उचलली.

गाडीत मागच्या सीटवर ती माझ्याशेजारी बसली आणि तिने माझा हात धरला. मी काही बोलायला तोंड उघडलं की ती तो दाबायची. सेंटरच्या दारात मी तिला मागे ओढलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मृण्मयीची शपथ आहे तुम्हाला." आणि आत गेली.

तेजस्विनीने पॅड लावले. मालिनीने कमी ठेव म्हणून सांगितलं. मी तिच्या पायाशी स्टूल ओढून बसले, नजर चेहऱ्यावर. शेजारच्या पलंगावर संजनाताई केटररबद्दल बोलत होत्या, जिलेबी की मूग हलवा. मशीन सुरू झालं. काही क्षण गेले. मालिनीचं पोट हलकंसं आवळलं, सैल झालं, पुन्हा आवळलं. तिने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे बघा, अंतर आहे. मला रडू आलं आणि रागही आला. पण खरंच काही होत नव्हतं. मला वाटायला लागलं की मीच घाबरट, डॉक्टर तर काय, सगळ्यालाच नको म्हणतात.

"अगं, वाढव त्यांचं," संजनाताई म्हणाल्या. "त्यांना लागतसुद्धा नाहीये."

तेजस्विनीने मालिनीला विचारलं, वाढवू का? मालिनीने हो म्हणून मान हलवली. करंट वाढला. पोट आवळलं आणि तिचे ओठ पांढरे झाले. सैल झालं, तशी तिने डोळे उघडले. पुन्हा आवळलं. या वेळी तिची नजर माझ्यावर होती, पण मी तिला दिसत नव्हते. हात पलंगाची कड शोधत होता आणि सापडत नव्हती. तेजस्विनी दुसरीकडे वळलेली. मालिनी एक शब्द बोलली नाही. मरतानासुद्धा ही बाई तोंड उघडणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

"बंद कर," मी म्हणाले. "तेजस्विनी, बंद कर ते. हिला पेसमेकर आहे."

त्या मुलीने बटणबिटण शोधलं नाही, सरळ वायर खेचून काढली. मालिनीचा पट्टा सोडला, पाय वर धरले, नाडी धरली. मालिनीने मोठा श्वास घेतला आणि चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. संजनाताई कोपरावर उठून बघत राहिल्या होत्या. त्यांच्या पोटावरचा पट्टा मात्र कुणी बंद केला नव्हता, तो आपला आवळत होता आणि सोडत होता.

संजनाताई स्वतः गाडी चालवत आम्हाला हॉस्पिटलात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी यंत्र तपासलं, ते शाबूत होतं. मग त्यांनी मालिनीला असं झापलं की मी शाळेत कुठल्या पोराला झापलं नसेल. बोलता बोलता विचारलं की घरात आणखी कुणाला असं होतं का? मालिनीने खाली बघत सांगितलं, आईला. अशीच अचानक गेली. संजनाताई दाराशी उभ्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मालिनीला विचारलं, "मृण्मयीचा कार्डिओग्राम काढलाय का कधी?"

मालिनी पर्समध्ये रिक्षाचे पैसे शोधायला लागली. संजनाताईंनी थोडा वेळ वाट बघितली आणि निघून गेल्या.

घरी आल्यावर मालिनीचा जो भडका उडाला, तो मी पहिल्यांदाच बघितला. ती सोफ्यावर उशी मांडीत घेऊन बसली होती आणि म्हणत होती की माझी मुलगी काय बाजारातली गाय आहे, दात बघून घ्यायला? मोडलं तर मोडलं. माझं एकदा मोडलंय, मी मेले का? उपेंद्र मान खाली घालून उभा. मीही पेटले होते. म्हटलं बरोबर आहे, जीव जाता जाता वाचला आणि यांना सुनेच्या तब्येतीची पडलीय. आम्ही दोघी अगदी एका सुरात बोलत होतो. मग मालिनी बोलता बोलता थांबली.

"ताई," ती म्हणाली, "दिवाळीत पांडवलेणीच्या पायऱ्यांवर तिला चक्कर आली होती."

मला आठवलं. मृण्मयी वर चढताना मध्येच बसली होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणाली. आम्ही तिला पाणी दिलं आणि डाएटच्या खुळावरून चिडवलं. मालिनीची आई हृदयाने गेली, मालिनीला स्वतःला यंत्र बसलं, आणि त्यानंतरही आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की या पोरीला एकदा दाखवून आणावं. कसं येणार? सगळी अक्कल झाकण्यात खर्च झाली होती. मालिनीने उशी बाजूला ठेवली, उठली आणि मृण्मयीच्या खोलीचं दार वाजवलं.

आत ती काय बोलली ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळाने मृण्मयी बाहेर आली ती रडून सुजलेल्या तोंडाने, आणि आधी माझ्यावर चिडली, मग बापावर. आईवर चिडायची ताकद तिच्यात उरली नव्हती. मी आहे ना तुझी, मग मलाच कसं नाही सांगितलंस, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिने गौरांगला स्वतः फोन करून आईचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, तपासून घेऊ, मी येतो बरोबर. संजनाताईंचा मात्र फोन नाही, निरोप नाही. साड्यांची खरेदी ठरली होती, ती पुढे ढकलली गेली. गौरांग कितीही म्हणाला तरी आईचा शब्द मोडणाऱ्यातला तो वाटत नव्हता, आणि मालिनी फोनकडे बघायची तेव्हा मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

कार्डिओग्राम झाला, एक दिवस छातीला वायरी लावून फिरायची तपासणी झाली. डॉक्टरांनी मालिनीला आणि मृण्मयीला समोर बसवून सांगितलं की निरोपाची वाट थोडी संथ आहे, अगदी पहिल्या पायरीवर. आज औषध नाही, यंत्र नाही. लग्न, मूल, नोकरी, सगळं करायचं. पण दरवर्षी तपासायचं आणि चक्कर आली तर उपास-बिपास न म्हणता सरळ इथे यायचं. पुढे वाढेल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही.

घरी आल्यावर उपेंद्र म्हणाला की डॉक्टर स्वतः म्हणतात आज काही नाही, तर तेवढंच सांगू. खोटंही नाही ते. मला, खरं सांगते, पटलं. मुलीचं लग्न दीड महिन्यावर आलेलं, पत्रिका छापून झालेल्या, आणि गावभर हात दाखवून अवलक्षण कशाला? मृण्मयी आईकडे बघत होती. मालिनी कापायच्या टेबलापाशी उभी राहिली, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि संजनाताईंना लावला.

नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. तिने डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं सांगितलं, संथ वाट, दरवर्षीची तपासणी, आणि पुढे वाढूही शकेल हेसुद्धा. मध्ये एकदा थांबून तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुढे सांगितलं. पलीकडून इतका वेळ काही आवाज नव्हता की उपेंद्रने वाकून फोन कट झाला का ते बघितलं.

मग संजनाताई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे म्हणाला असतात, तर मला कुठे कळणार होतं?"

"नसतं कळलं," मालिनी म्हणाली. "पण उद्या ती चक्कर येऊन पडली, तर तुमच्या घरात पडेल. तेव्हा शेजारी तुम्ही असाल, मी नसेन. डॉक्टरांना काय सांगायचं ते तुम्हाला माहीत हवं."

मृण्मयीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठला.

"त्या दिवशी मी विचारलं ते नुसत्या मुलीच्या काळजीने, असं मी म्हणणार नाही," संजनाताई म्हणाल्या. "मुलाची आई आहे मी. आणि तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात, त्याचा मला राग आहे. तो लगेच जाणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," मालिनी म्हणाली.

"डॉक्टरांचा नंबर पाठवा. माझ्या फोनमध्ये असू दे."

फोन ठेवल्यावर मालिनीने चष्मा लावला, नंबर शोधला आणि पाठवला. तो पोचल्याची खूण येईपर्यंत ती फोनकडे बघत राहिली. मग मृण्मयीला जवळ ओढून ती जोरात रडली, दारात ब्लाऊज न्यायला आलेली बाई उभी आहे याची पर्वा न करता.